टिकाल: ग्वाटेमालाच्या जंगलातलं माया शहर आणि आमचं टोळकं

रानभुल्या

मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या माया शहरावर इथे चिक्कार लिहून झालंय, टिकालवर मात्र शोधूनही काही सापडलं नाही, म्हणून हा प्रपंच. आम्ही कॉलेजपासूनचं टोळकं. दोघं ह्यूस्टनचे, एक टोरांटोची आणि एक थेट पुण्याहून उडत आलेला. फेब्रुवारीत जाऊन आलो. फोटो सवडीने टाकतो, इथे चढवायला घेतले की साइट रुसते.

आधीच सांगून टाकतो. पिरॅमिड तुम्ही बघालच, ते चुकवायचे म्हटले तरी चुकणार नाहीत. पण माझ्या मते तिथला खरा ऐवज म्हणजे पाण्याच्या जागा आणि झाडं. बहुतेक लोक त्यांच्या अंगावरून सरळ पुढे निघून जातात. आम्हीही गेलोच असतो, पण गाईड भला निघाला.

जायचं कसं? ग्वाटेमाला सिटीहून फ्लोरेसला विमानाने तासभर. रात्रीच्या बसही आहेत. पुणेकराने "तेवढेच पैसे वाचतील" म्हणून बसचा आग्रह धरला, तो बहुमताने हाणून पाडला. फ्लोरेस हे पेतेन इत्झा तळ्यातलं इवलंसं बेट, रंगीत घरांचं. तिथून टिकाल साठेक किलोमीटर, दीड तास धरा. तिकीट काढताना पासपोर्ट लागतो. आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला १५० केत्साल (तिथलं चलन) आणि सूर्योदयाआधी आत जायचं तर वरती १०० वेगळे.

पार्कच्या गेटपासून अवशेषांपर्यंत १७ किलोमीटर नुसतं जंगल. गेटवर गाडीवाल्याच्या हातात वेळ टाकलेली चिठ्ठी देतात. वेगमर्यादा ताशी ४५, आणि पलीकडे वेळेआधी पोचलात की गाडी पळवलीत हे आपोआप सिद्ध. रस्त्याकडेच्या पाट्यांवर जग्वार, साप, कोआटी (रॅकूनच्या कुळातला लांब शेपटीचा प्राणी) आणि टर्की यांची चित्रं. त्यातले कोआटी आणि टर्की खरोखर दिसले. कोआटींची तर रांगच, सगळ्यांच्या शेपट्या सरळ वर. इथली रानटर्की पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फिरत असते: निळं डोकं, त्यावर नारिंगी पुटकुळ्या आणि पिसांना मोरासारखी झाक.

आता झाडं. मुख्य चौकाकडे जाताना गाईडने एका खोडापाशी थांबवलं. बुंध्यापासून पार वरपर्यंत तिरक्या खाचा, एकीतून दुसरीत ओघळ जाईल अशा, जुन्या होऊन काळ्या पडलेल्या. त्याने एका खाचेत बोट घालून वरून खाली फिरवलं आणि म्हणाला, माझे आजोबा हेच काम करायचे. पावसाळ्यात दोराने झाडावर चढायचं, कोयत्याने खाचा पाडायच्या, खाली पिशवी बांधायची, मग तो चीक कढवून त्याचे ठोकळे करायचे. अमेरिकेतलं च्युइंगम बरीच वर्षं यावर चाललं, पुढे कृत्रिम डिंक आला आणि धंदा बसला. झाडाचं नाव विचारलं तर "चिकोसापोते". पुणेकर पाठीमागून ओरडला, "अरे, हा चिकू आहे!"

तर हो, चिकू मूळचा याच भागातला. टिकालच्या देवळांच्या दारांवर ज्या लाकडी तुळया आहेत त्या चिकूच्या लाकडाच्या. इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि बाराशे-तेराशे वर्षं वाळवीला आणि पावसाला पुरून उरलंय. चौथ्या देवळाच्या कोरीव तुळया एकोणिसाव्या शतकात काढून नेल्या, त्या आज स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात आहेत. पुढचा भाग मला फार आवडला. संशोधकांनी वेगवेगळ्या देवळांतल्या तुळया तपासल्या. इ.स. ७४१ च्या सुमारापर्यंत सरळसोट, जाडजूड चिकू. त्यानंतर एकदम लॉगवूड, म्हणजे रंगासाठी वापरतात ते वेडंवाकडं, लहानखुरं झाड. ८१० च्या सुमारास तिसऱ्या देवळात चिकू परत दिसतो, पण बारीक. मोठी झाडं संपली होती. चुनखडी भाजून गिलावा करायलाही लाकूड जाळावं लागतं, आणि सगळं शहर गिलाव्याने मढवलेलं. देवळं वाढत होती तसं रान हटत होतं, हे दारावरच्या तुळईत वाचता येतं.

पाण्याचं तर विचारू नका. टिकालला नदी नाही, जवळ तळं नाही, जमीन चुनखडीची, पडलेलं पाणी मुरून पार खोल जातं. पाऊस भरपूर, पण वर्षातले चारेक महिने जवळजवळ कोरडे. आणि आठव्या शतकात इथे ४५ हजारांच्या आसपास माणसं राहत असावीत असा एक अंदाज आहे. मग पाणी कुठलं? चौकांना मुद्दाम उतार दिलेला. वर चुन्याचा गिलावा, त्यामुळे पडलेला थेंब मुरायच्या आत वाहत तलावात. राजवाड्याजवळच्या तलावाचा बांध साधारण ८० मीटर लांब आणि १० मीटर उंच, मायांनी बांधलेल्या माहीत असलेल्या धरणांत सर्वांत मोठा. आज तिथे झाडांनी भरलेला खोलगट भाग दिसतो. कोणी सांगितलं नाही तर तुम्ही त्याला ओढा समजाल.

मुख्य चौक, पहिलं आणि दुसरं देऊळ समोरासमोर. पहिलं ४७ मीटर, नऊ टप्प्यांचं, त्याच्या पोटात हासाव चान काविल या राजाची कबर. त्यावर चढायला बंदी आहे. दुसऱ्यावर मागच्या बाजूच्या लाकडी जिन्याने जाता येतं. आम्ही होतो तेव्हा चौकात एका माया कुटुंबाचा विधी चालू होता. दगडी गोलात विस्तव, राळेचा धूर, रंगीत मेणबत्त्या, साखर. गाईडने आम्हाला लांबच उभं केलं, कॅमेरा खाली ठेवायला लावला. बरं केलं.

चौथं देऊळ सर्वांत उंच, ६५ मीटरच्या आसपास. पहाटे अंधारात जिने चढून बसलो. सूर्य काही दिसला नाही, नुसतं धुकं. पण साडेपाचच्या सुमारास हाउलर माकडांनी जो गळा काढला, त्यात टोरांटोकरीण माझा दंड धरून बसली. (ती नाकारेल.) धुकं विरलं तसे पहिल्या तीन देवळांचे माथे झाडांच्या वर निघत गेले. उतरताना एका उंच झाडावर ओरोपेंडोला पक्ष्यांची घरटी दिसली, आपल्या सुगरणीचे खोपे दसपट ताणून टांगावेत तशी.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

मोगरा_कळी

वाचतेय. फोटो टाका हो, इतकं चिकूपुराण झाल्यावर ते खोड बघायचंच आहे.

कुरकुऱ्या

सूर्योदयाचा प्रकार म्हणजे शुद्ध फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत. आम्ही फ्लोरेसहून एका टूरवाल्यामार्फत गेलो. तीनला घ्यायला येणारी गाडी चारनंतर उगवली, वर पोचेपर्यंत फटफटलं होतं, आणि वर धुकं. शंभर केत्साल वाया. त्यापेक्षा नेहमीच्या वेळी सहाला आत शिरा. गर्दीही नसते.

रानभुल्या

कुरकुऱ्या, सूर्यासाठी जाणार असाल तर तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. माझं म्हणणं माकडांसाठी जा. आणि फ्लोरेसहून नको, पार्कातच मुक्काम करा. आत तीनच हॉटेलं आहेत, आधी बुकिंग लागतं. आमच्या हॉटेलात वीज ठरावीक तासच होती. पण पहाटे चालत निघता येतं, गाडीवाल्याची वाट बघत बसावं लागत नाही.

पाताळयंत्री

माया म्हणजे मयासुर हे इथे कुणी बोलणार नाही का? मयसभा बांधणारा मय. पिरॅमिड, शून्य, पंचांग, सगळं इकडूनच गेलं. पाताळ म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूची अमेरिका. आपलेच लोक आपलं नाकारतात, चालू द्या.

इतिहासाचा_कीस

आलीच काडी. पाताळयंत्री, हलके घ्या, पण एकेक बघू.

शून्य: मायांची मोजणी विसाच्या पटीत, आपली दहाच्या. त्यांच्या शून्याचं चिन्ह शिंपल्यासारखं आणि ते मुख्यतः दिनगणनेत येतं. टिकालच्या २९ क्रमांकाच्या शिळेवर इ.स. २९२ ची तारीख कोरलेली आहे. आपल्याकडून शिकून गेले असते तर वीस कशाला धरले असते?

शिवाय जे लोक समुद्र ओलांडून पंचांग घेऊन गेले ते लोखंड, बैल आणि गाडीचं चाक घरी विसरले का? टिकाल उभं राहिलं ते दगडी हत्यारांनी, माणसांच्या पाठीवर. आणि उलट दिशेने मका, मिरची, पेरू, सीताफळ आपल्याकडे आले ते पोर्तुगीज वगैरे आल्यानंतर. त्याआधी हजारो वर्षं येजा असती तर ज्ञानेश्वरांच्या काळात घरोघरी मिरचीचा ठेचा असता.

साम्य हवंच असेल तर एक देतो. माया लोक खरी कमान बांधत नसत. दगड थोडे थोडे पुढे सरकवत वर मिळवायचे. आपली जुनी देवळंही तशीच. गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे सारखंच, म्हणून उत्तरही सारखं निघालं. यात कुणाचीच नामुष्की नाही.

आणि गंमत म्हणून: हासाव चान काविलचं राज्य ६८२ ते ७३४. पहिलं देऊळ त्या सुमाराचं. वेरूळचं कैलास राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, म्हणजे ७५६ ते ७७३. जवळजवळ एकाच पिढीत तिकडे दगड रचत वर चढत होते आणि इकडे डोंगर कोरत खाली उतरत होते.

पाताळयंत्री

तुमचे पुरावे तुमच्यापाशी. बाकी कैलासाची गोष्ट आवडली.

इतिहासाचा_कीस

आभारी आहे. :) आता टिकालचा इतिहास थोडक्यात, कारण मूळ लेखात राजकारण आलंच नाही. ३७८ मध्ये मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या महानगराशी संबंध असलेला सियाज काक नावाचा सरदार टिकालला आला. त्याच दिवशी तिथला राजा मेला आणि नवं घराणं गादीवर आलं. ५६२ मध्ये टिकालचा मोठा पराभव झाला आणि पुढे शंभरावर वर्षं एकही शिळा उभी राहिली नाही. ६९५ मध्ये हासावने कालाकमुल या वैरी माया शहराला हरवून जुना हिशेब चुकता केला. शेवटची तारखेची शिळा ८६९ ची. तेव्हा आपल्याकडे मान्यखेटला अमोघवर्ष होता.

पण माया "नाहीसे झाले" असं कृपया लिहू नका, म्हणू नका. ग्वाटेमालात आजही चाळीस टक्क्यांवर लोक माया आहेत आणि बावीस माया भाषा बोलल्या जातात. रानभुल्यांनी चौकात बघितला तो विधी पर्यटकांसाठीचा खेळ नव्हे.

तुम्ही ज्या फ्लोरेसला उतरलात ते बेट म्हणजे इत्झा मायांची राजधानी नोहपेतेन. स्पॅनिश सेनानी कोर्तेस १५२५ मध्ये तिथून गेला, तेव्हा एक लंगडा घोडा त्यांच्या हवाली करून गेला. घोडा मेला. लोकांनी त्याची मूर्ती करून पूजा मांडली. १६१८ मध्ये दोन पाद्री आले, त्यातल्या एकाने ती फोडली आणि मग दोघांनाही जीव मुठीत धरून पळावं लागलं. स्पॅनिशांना ते बेट घेता आलं ते १६९७ च्या मार्चमध्ये. म्हणजे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तोवर इत्झांचं राज्य शाबूत होतं. शाळेत "कोलंबस आला, संपलं" असं शिकवतात, त्याला हे उत्तर.

मोगरा_कळी

घोड्याची गोष्ट! कीसकाका, यावर वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पर्जन्यमापक

मी लातूरचा, पाण्याच्या खात्यातून निवृत्त, त्यामुळे पिरॅमिड सोडून थेट तलावावर येतो. पावसाचं पाणी साठवणं एक, ते वर्षभर पिण्याजोगं ठेवणं दुसरं. आपल्या गडांवरच्या टाक्यांतसुद्धा पिण्याचं टाकं वेगळं आणि वापरायचं वेगळं असे. तिथे गाळायची काही सोय होती का? आणि गाळाचं काय करत?

रानभुल्या

काका, नेमकं विचारलंत. कोरिएंताल नावाचा एक तलाव आहे, शहराच्या कडेला. त्याच्या गाळात स्फटिकाची वाळू आणि झिओलाइट नावाचं सच्छिद्र खनिज सापडलं. हे टिकालचं स्थानिक नव्हे, तीसेक किलोमीटरवरून आणलेलं असावं असं सिनसिनाटी विद्यापीठाच्या चमूने २०२० मध्ये मांडलं. म्हणजे तलावात शिरणारं पाणी आधी या थरातून गाळून येत असावं. झिओलाइट जंतू आणि काही धातू धरून ठेवतं, आजही गाळण्यांत वापरतात. आणि हे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं!

दुसरी बाजू वाईट आहे. त्याच वर्षी राजवाड्याच्या आणि देवळाजवळच्या तलावांचा गाळ तपासला गेला. त्यात पारा आणि निळं-हिरवं विषारी शेवाळ यांच्या खुणा निघाल्या. पारा बहुधा हिंगुळाचा. राजवाडे आणि देवळं लाल रंगाने रंगवत, पाऊस तो रंग धुऊन खालच्या तलावात नेई. शेवाळाला खतपाणी शहराच्या घाणीचं. नवव्या शतकात अवर्षणं लागोपाठ आली, तेव्हा ऐन राजवाड्यासमोरचं पाणी नासलेलं होतं. कडेचा कोरिएंताल मात्र स्वच्छ.

पर्जन्यमापक

पाणलोटातच रंगकाम! आमच्याकडे असा नकाशा आला असता तर मी सही केली नसती. चौकाचा उतार पाण्यासाठी, हे मात्र शंभर टक्के पटलं. आपल्याकडे काँक्रीट करताना पाणी गटारात घालवतात. झिओलाइटचा थर किती जाडीचा?

रानभुल्या

तो सलग थर म्हणून राहिलेला नाही काका, पुराच्या वेळी तलावात वाहून आलेले पट्टे गाळात सापडले. गाळणी होती ती तोंडाशी, असं त्यावरून ठरवलंय.

टोरांटोकरीण

नमस्कार मंडळी, ती मीच. दंड वगैरे काही धरला नव्हता. उलट रात्री खोलीवर कोळी निघाला तेव्हा हे महाशय पलंगावर उभे होते, हे लेखातून सोयीस्कररीत्या गळालंय.

अंजू_मावशी

टोरांटोकरीण, बरं झालं आलीस, पुरुषांना हे विचारून उपयोग नसतो. आम्ही दोघं सत्तरीचे, शाकाहारी, मुलीकडे डलासला आलोय. जमेल का? खायचं काय? ह्यांचा गुडघा दुखतो.

टोरांटोकरीण

मावशी, जमेल. चौकापर्यंत वीसेक मिनिटांची चाल, वाट जवळपास सपाट, सावलीची. दिवसभरात पाच-सहा किलोमीटर सहज होतात, तेव्हा मधे बसत बसत जा. चौथ्या देवळाचे जिने काकांनी सोडले तरी चालेल, मुख्य चौक खालूनच जास्त भारी दिसतो. एप्रिल-मे टाळा, उकाडा असह्य असतो. पावसाळ्यात चिखल आणि चुनखडीच्या दगडांवर शेवाळ, गुडघ्याला तेही नको.

जेवणाचं: पार्किंगजवळ साध्या खानावळी आहेत. मक्याच्या टॉर्टिया, काळ्या घेवड्याची उसळ, भात, तळलेली केळी, अवाकाडो. अंडं चालत असेल तर प्रश्नच मिटला. एकच सांभाळा: घोटलेल्या घेवड्यात बरेचदा डुकराची चरबी असते. "सिन मान्तेका" म्हणा आणि अख्खा, आमटीसारखा शिजवलेला घेवडा मागा. टॉर्टिया समोर थापतात ते बघा. मका आधी चुन्याच्या निवळीत उकळून, धुऊन मग दळतात. नुसत्या मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागत नाही, चुन्याने ते सुटं होतं. हे तंत्र हजारो वर्षं जुनं, आणि मका जगभर गेला तेव्हा नेमकं तेच मागे राहिलं. युरोपात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना त्यापायी पेलाग्रा हा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग झाला.

आणि व्हिसाचं बुकिंगआधी वकिलातीच्या साइटवर बघा, इथल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्यासुद्धा.

कुरकुऱ्या

मेक्सिकोला भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भागतं, हे मात्र नक्की. म्हणून म्हणतो, मावशी, कालाकमुलचा विचार करा. तेही जंगलातच, तिकडेही माकडं.

टोरांटोकरीण

कालाकमुल सुरेख असेल, पण महामार्गापासून आत साठ किलोमीटर अरुंद रस्ता. सत्तरीच्या माणसांना आधी टिकाल.

ढगात_पाय

टिकालला गेलात आणि याशा बघितलं नाहीत? तळ्याकाठचं शहर, संध्याकाळी २१६ क्रमांकाच्या देवळावरून पाणी आणि रान दोन्ही दिसतं, आणि माणसं मोजकी. हौस असेल तर एल मिरादोर हे आणखी जुनं माया शहर. कार्मेलिता गावातून चालत पाच दिवसांचा फेरा, खेचरांवर सामान. वाटा त्याच, चीक गोळा करणाऱ्यांच्या. तिथला ला दांता पिरॅमिड ७२ मीटरच्या आसपास, आणि तो टिकालच्या सुवर्णकाळाआधी कित्येक शतकं बांधलेला. वर उभं राहिलं की चारी बाजूंना हिरव्या टेकड्या, आणि त्या टेकड्या नसतातच. विमानातून लेझर मारून पेतेन प्रांताच्या २,१०० चौरस किलोमीटरचा नकाशा केला, तो २०१८ मध्ये जाहीर झाला, त्यात साठ हजारांवर बांधकामं निघाली. घरं, रस्ते, बांध, शेतीचे वाफे. चिखल मात्र गुडघाभर, आणि गोचिड्या. माझ्या बायकोने परत आल्यावर बूट फेकून दिले.

घोलवडकर

चिकूवर एवढी चर्चा आणि आम्ही गप्प बसायचं म्हणजे काय. आमची कालीपत्तीची बाग आहे. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तोच. फांदीला कोयता लागला की पांढरा चीक येतो आणि हाताला असा चिकटतो की राखेनेही सुटत नाही, पण त्याचं च्युइंगम हे आजच कळलं. एक भर घालतो. आमची कलमं खिरणीच्या खुंटावर बांधलेली असतात. खिरणी आपल्या रानातली, चिकूची सख्खी चुलत बहीण. म्हणजे वरचं झाड तिकडचं, मूळ इकडचं. पाताळयंत्रींना हे चालेल का?

तुम्ही पाहिलेली झाडं केवढी उंच? आमची तीस-चाळीस फुटांवर जात नाहीत.

पाताळयंत्री

चालेल. पेटी पाठवा.

रानभुल्या

घोलवडकर, तिथली खोडं मानेला रग लागेपर्यंत वर बघावी लागतात, शंभर फुटांच्या घरातली. खालून फळ दिसतही नाही. माकडांनी अर्धवट खाऊन टाकलेलं एक मिळालं. लहान, वाटोळं, सालीवर तुमच्या चिकूसारखाच तपकिरी कोंडा. पुणेकराने पुसून चाखलं आणि "कालीपत्ती बरी" असा निकाल दिला. बागेतली झाडं लाडावलेली आणि रानातली उपाशी, गोडीत फरक असणारच.

अंजू_मावशी

ठरलं. ह्यांना खाली बाकावर बसवते, चौथ्या देवळावर मी चढते. तळ्याकाठी डास असतात का, तेवढं सांगा.

टोरांटोकरीण

असतात. ओडोमॉस भरपूर आणा आणि लांब बाह्यांचे कुडते. चटणीचा डबा मात्र ओझं करून आणू नका, टेबलावर हबानेरो मिरचीच्या चटणीची वाटी ठेवलेली असते. काकांना आधी अर्ध्या थेंबावर थांबवा.